दंतोपचारानंतर उरलेल्या वेदनाशामक गोळ्यांची सुरक्षित विल्हेवाट : सावनेर परिसराच्या संदर्भात

सारांश :

दात काढल्यानंतर किंवा दातावरील अन्य शस्त्रक्रियेनंतर रुग्णास वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या जातात. वेदना सामान्यतः दोन-तीन दिवसांत ओसरते. गोळ्या मात्र उरतात. या उरलेल्या गोळ्या घरातील औषधाच्या डब्यात पडून राहतात, शेजाऱ्यांना दिल्या जातात किंवा कचऱ्यात फेकल्या जातात. प्रस्तुत लेखात गोळ्या उरण्याची कारणे, त्यांपासून संभवणारे धोके, कायद्यातील तरतुदी व घरच्या पातळीवर करावयाची कार्यवाही यांचे विवेचन केले आहे. तसेच सावनेरसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालये या कामी कोणती भूमिका बजावू शकतात याचाही विचार केला आहे. गोळ्या उरूच न देणे ही विल्हेवाटीची पहिली पायरी होय, आणि उरलेल्या गोळ्यांना घराबाहेर पडण्याचा अधिकृत मार्ग उपलब्ध करून देणे ही दुसरी, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : दंतोपचार, वेदनाशामक औषधे, घरगुती घातक कचरा, सावनेर, औषध परतावा, राष्ट्रीय सेवा योजना.

प्रस्तावना :

सावनेर हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण कोलार नदीच्या काठी वसलेले आहे. नागपूरहून बैतूलकडे जाणारा महामार्ग या गावावरून जातो आणि छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. कोळशाच्या खाणी, संत्रा व कापसाची शेती आणि सीमेपलीकडील सौंसर-पांढुर्णा भागाशी असलेला नित्याचा संबंध यांमुळे येथील लोकजीवन संमिश्र आहे. दातांच्या किरकोळ उपचारांसाठी लोक गावातील दवाखान्यात जातात. अवघड दाढ काढावयाची असल्यास किंवा जबड्याची शस्त्रक्रिया असल्यास नागपूर गाठतात. तेथील शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून विदर्भातील रुग्णांची सेवा करीत आहे. विदर्भात खर्रा खाण्याची सवय फार पसरलेली असल्याने हिरड्यांचे व तोंडाचे विकार, आणि त्यातून उद्भवणारे दंतोपचार, हा येथील आरोग्यव्यवहाराचा नित्याचा भाग आहे.

नागपुरात दाढ काढून घेऊन सावनेर, खापा किंवा केळवद येथे परतलेला रुग्ण औषधांची पुडी सोबत आणतो. दुखणे थांबले की दंतवैद्याकडे पुन्हा जाण्याचे त्याला प्रयोजन उरत नाही. किती गोळ्या घेतल्या आणि किती उरल्या हे त्याला कोणी विचारीत नाही आणि तोही सांगत नाही. रुग्णाच्या दृष्टीने उपचार संपलेला असतो. औषधाचा प्रवास मात्र संपलेला नसतो. या उर्वरित प्रवासाचा विचार आरोग्यशिक्षणात फारसा होत नाही, म्हणून त्याची सविस्तर चर्चा करणे आवश्यक वाटते.

१. गोळ्या का उरतात?

दात काढल्यानंतरची वेदना भूल उतरताच सुरू होते व साधारणतः पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक दिसते आणि नंतर उतरू लागते. बहुतेक रुग्णांना तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर वेदनाशामकाची गरज राहत नाही. औषधे मात्र वेदनेच्या हिशेबाने मिळत नाहीत, तर स्ट्रिपच्या हिशेबाने मिळतात. बोलीत जिला ‘पत्ता’ म्हणतात ती स्ट्रिप सामान्यतः दहा गोळ्यांची असते. दिवसातून दोन याप्रमाणे तीन दिवसांसाठी सहा गोळ्या पुरतात. पूर्ण पत्ता घेतल्यास चार उरतात. दिवसातून तीन याप्रमाणे पाच दिवसांसाठी पंधरा गोळ्या लागतात; दोन पत्ते घेतल्यास पाच उरतात, आणि दुखणे तिसऱ्याच दिवशी थांबले तर अकरा उरतात. एका घरात एका उपचारामागे चार ते अकरा गोळ्या हे प्रमाण लहान भासते. परंतु उपचारांची आणि घरांची संख्या लक्षात घेता त्याचे स्वरूप बदलते.

पूर्ण पत्ता घेण्यामागे काही व्यवहार्य कारणेही आहेत. पत्ता कापला तर औषधाचे नाव, गट क्रमांक व मुदत समाप्तीची तारीख एका तुकड्यावर राहते आणि दुसरा तुकडा निनावी होतो. असा तुकडा दुकानदारालाही नको असतो आणि जाणत्या ग्राहकालाही. शिवाय ‘रात्री-बेरात्री पुन्हा दुखले तर’ ही भीती असतेच. गावापासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्याला किंवा खाणीत रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला मध्यरात्री औषधाचे दुकान उघडे मिळत नाही, त्यामुळे दोन गोळ्या जास्त जवळ बाळगण्याला अज्ञान म्हणता येणार नाही.

गोळ्या उरण्याचा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली अक्कलदाढ काढलेल्या ७९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांना सरासरी २८ अफूजन्य वर्गातील गोळ्या देण्यात आल्या होत्या. तीन आठवड्यांनंतर त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के गोळ्या, न वापरता तशाच उरल्या होत्या. भारतातील दंतवैद्यकात अशा तीव्र गोळ्यांचा वापर मर्यादित आहे, ही समाधानाची बाब होय. तथापि गोळ्या उरण्यामागील कारण दोन्हीकडे एकच आहे : औषध गरजेच्या मापाने न देता सोयीच्या मापाने दिले जाते.

२. दंतोपचारातील वेदनाशामके व त्यांचे प्रकार

विल्हेवाटीची पद्धत औषधाच्या प्रकारावर अवलंबून असते. त्या दृष्टीने दंतोपचारात दिल्या जाणाऱ्या वेदनाशामकांचे तीन गट पाडता येतात.

(अ) पॅरासिटामॉल : हे ताप व वेदना दोन्हींवर वापरले जाते. ते अनेक जोडऔषधांत मिसळलेले असते. त्यामुळे वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्या घेतल्यास तेच औषध दुप्पट प्रमाणात पोटात जाण्याची शक्यता असते. प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला चार ग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते. त्यापुढे यकृताला गंभीर इजा संभवते.

(आ) सूजनाशक वेदनाशामके : आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, केटोरोलॅक इत्यादी औषधे या गटात येतात. दंतोपचारानंतर उरणाऱ्या गोळ्यांत हा गट प्रामुख्याने आढळतो. जठरव्रण, मूत्रपिंडाचे विकार, दमा व उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णांत ही औषधे धोक्याची ठरू शकतात. केटोरोलॅकचा वापर एकूण पाच दिवसांपेक्षा अधिक करू नये असा दंडक आहे.

(इ) ट्रॅमाडॉल व तत्सम औषधे : वेदना तीव्र असल्यास क्वचित ट्रॅमाडॉल व पॅरासिटामॉल यांची जोडगोळी दिली जाते. ट्रॅमाडॉलची सवय लागू शकते. या कारणास्तव ते औषध नियमांच्या ‘एच-१’ अनुसूचीत आहे. या अनुसूचीतील औषध विकताना लिहून देणाऱ्या डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवही दुकानदाराने ठेवावयाची असते आणि ती तीन वर्षे जतन करावयाची असते. एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉलचा समावेश अंमली औषधी द्रव्ये व मनःप्रभावी पदार्थ अधिनियमाच्या कक्षेतही करण्यात आला आहे.

येथे एक विसंगती नजरेस येते. गोळी दुकानातून घरी येईपर्यंत तिच्यावर नोंदवहीची, चिठ्ठीची व निरीक्षकाची नजर असते. घरात आल्यावर तिचा हिशेब कोणीच ठेवीत नाही.

३. उरलेल्या गोळ्यांपासून संभवणारे धोके

३.१ घरातील धोके : उरलेली गोळी सहसा दाताच्या दुखण्यासाठी पुन्हा वापरली जात नाही. ती गुडघेदुखी, डोकेदुखी, पाठदुखी आणि विशेषतः ताप यांसाठी वापरली जाते. ‘दाढेच्या वेळी याच गोळीने आराम पडला होता’ हा अनुभव प्रमाण मानून ती घरातल्या आजीला, शेजारणीला किंवा शेतावरील मजुराला दिली जाते. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, शेजारणीचे गरोदरपण किंवा मजुराचा जुना जठरव्रण यांचा विचार त्या वेळी होत नाही.

नागपूर विभागात पावसाळ्यात व त्यानंतरच्या काळात डेंग्यूची साथ येते, हे लक्षात घेता तापात वेदनाशामक घेण्याची सवय अधिकच चिंताजनक ठरते. डेंग्यूत रक्तातील बिंबाणू कमी होतात व रक्तस्रावाची शक्यता वाढते. म्हणूनच अशा तापात केवळ पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे टाळावीत असे उपचारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. उन्हाळ्यात दाढ काढल्यानंतर डब्यात राहिलेली आयब्युप्रोफेनची गोळी भाद्रपदातील तापात पोटात जाते, तेव्हा न टाकलेल्या औषधाची किंमत दिसून येते.

हवामानाचाही विचार करावयास हवा. बहुतेक गोळ्यांच्या वेष्टनावर २५ किंवा ३० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात ठेवण्याची सूचना असते. विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि पत्र्याच्या छपराखालील खोलीत औषधाचा डबा अनेक आठवडे तापत राहतो. छापील मुदत शिल्लक असली तरी अशा स्थितीत ठेवलेल्या औषधाची गुणवत्ता गृहीत धरता येत नाही. लहान मुलांच्या हाती रंगीत गोळी लागण्याचा धोका तर सर्वच घरांत असतो.

३.२ औषध परत बोलावताना येणारी अडचण : २०२५ साली सावनेरच्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, विशेषतः परासिया भागात, ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या खोकल्याच्या औषधामुळे वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार करण्यात आले होते. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये या औषधाच्या संबंधित गटाविषयी जनतेला सावध केले. दुकानांतील साठा गोठविणे तुलनेने सोपे होते. घराघरांत गेलेल्या बाटल्यांसाठी मात्र आशा कार्यकर्त्या व अंगणवाडी सेविकांची मदत घेऊन त्या परत मिळविण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. या घटनेचा वेदनाशामकांशी थेट संबंध नाही. तथापि औषध घरातून परत घेण्याची नित्याची व्यवस्था नसेल, तर संकटाच्या वेळी ती ऐनवेळी उभारावी लागते हे त्यातून स्पष्ट होते.

३.३ पाणी व जमीन : कोलार नदी पुढे कन्हान नदीस मिळते, आणि कन्हान ही नागपूर शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रमुख स्रोतांपैकी एक आहे. सावनेरच्या नाल्यात जे सोडले जाते ते सावनेरपुरते मर्यादित राहत नाही, एवढे या भूगोलावरून निश्चित म्हणता येते. डायक्लोफेनॅक हे सांडपाणी शुद्धीकरणाच्या सर्वसाधारण प्रक्रियेत पूर्णपणे नष्ट होत नाही. माशांची मूत्रपिंडे व कल्ले यांवर त्याचा अनिष्ट परिणाम होतो असे युरोपातील प्रयोगांत आढळले आहे. पाण्यात पोहोचणाऱ्या औषधांचा मोठा वाटा मानवी मलमूत्रातून येतो, फेकलेल्या गोळ्यांतून नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु पहिला वाटा टाळणे कठीण आहे, तर दुसरा पूर्णतः टाळण्याजोगा आहे.

३.४ पशुपक्षी : डायक्लोफेनॅकचा भारतातील सर्वांत विदारक परिणाम गिधाडांवर झाला. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचे मृत शरीर खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे पाकिस्तानातील अभ्यासातून २००४ साली सिद्ध झाले. शंभरातील एकाहून कमी मृत जनावरांत हे औषध असले तरी एवढी घट होण्यास ते पुरेसे ठरते, असे संशोधकांचे गणित सांगते. भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. परंतु माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये मानवी वापराच्या कुपीचे आकारमान तीन मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आले. असिक्लोफेनॅकचे जनावराच्या शरीरात डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतर होते; त्यामुळे २०२३ साली असिक्लोफेनॅक व केटोप्रोफेन यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली.

दाढेसाठी लिहून दिलेली असिक्लोफेनॅकची गोळी आणि गिधाडांच्या ऱ्हासास कारणीभूत ठरलेले द्रव्य यांच्यात असे जवळचे नाते आहे. चार-पाच गोळ्यांनी लंगडणारा बैल बरा होत नाही; तथापि माणसाचे औषध गुरांना चालते ही समजूत त्यातून दृढ होते. २०२४ साली हरियाणातील पिंजोर येथील प्रजनन केंद्रातून गिधाडे आणून ती नागपूर जिल्ह्यातीलच पेंच व्याघ्र प्रकल्पात निसर्गात सोडण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. या पार्श्वभूमीवर सावनेरमधील गोठ्यात कोणते औषध जाते हा प्रश्न केवळ गोठ्यापुरता राहत नाही. उघड्या कचऱ्यात तोंड घालणारी मोकाट गुरे व कुत्री यांनाही फेकलेल्या गोळ्यांचा धोका असतो. आयब्युप्रोफेन कुत्र्यांना विशेष विषारी आहे.

४. कायद्यातील तरतुदी

दंतवैद्याच्या दवाखान्यात निर्माण होणारा कचरा जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये हाताळला जातो. मुदतबाह्य व टाकाऊ औषधे पिवळ्या पिशवीत जमा करून सामूहिक प्रक्रिया केंद्राकडे सोपविली जातात. तेथील भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते. घरगुती शेगडीत किंवा अंगणातील आगीत ही उष्णता मिळणे अशक्य होय. शिवाय गोळ्यांच्या स्ट्रिपमध्ये पीव्हीसी प्लास्टिक व ॲल्युमिनियमचा वर्ख असतो. पीव्हीसी जाळल्यास हायड्रोजन क्लोराइड व डायॉक्सिनसारखे घातक वायुरूप पदार्थ बाहेर पडतात.

घरातील औषधांसंबंधीही याच नियमांत तरतूद आहे. घरी आरोग्यसेवेदरम्यान निर्माण झालेला जैव-वैद्यकीय कचरा वेगळ्या पिशवीत नगरपालिकेच्या कचरा संकलकाकडे द्यावा आणि नागरी स्थानिक संस्थेने तो उचलण्यासाठी सामूहिक प्रक्रिया केंद्राशी करार करावा, असे त्यात नमूद केले आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये मुदतबाह्य औषधांची गणना ‘घरगुती घातक कचरा’ या वर्गात करण्यात आली होती. त्यांच्या जागी आलेले घनकचरा व्यवस्थापन नियम, २०२६ हे १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले. त्यांनुसार कचऱ्याचे ओला, सुका, सॅनिटरी व विशेष काळजीचा असे चार भाग करावयाचे असून औषधांचा समावेश चौथ्या भागात होतो.

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मे २०२५ मध्ये मुदतबाह्य व न वापरलेल्या औषधांच्या विल्हेवाटीबाबत मार्गदर्शक दस्तऐवज प्रसृत केला. त्यात दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली, राज्यांची औषध नियंत्रण खाती व औषधविक्रेत्यांच्या संघटना यांनी औषधे परत घेण्याचे उपक्रम सुरू करावेत. दुसरी, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन, फेंटॅनिल, डायझेपाम आदी १७ औषधे घरात पडून राहू न देता शौचालयात अगर मोरीत टाकून वाहून द्यावीत. कारण अशा औषधाची एकच चुकीची मात्रा जीवघेणी ठरू शकते. येथे पर्यावरणाच्या तुलनेत माणसाच्या जिवाला अग्रक्रम दिलेला आहे. ही सवलत केवळ त्या यादीपुरती आहे, हे लक्षात घेणे अगत्याचे होय. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक व पॅरासिटामॉल त्या यादीत नाहीत. ती पाण्यात सोडू नयेत.

५. घरच्या पातळीवरील कार्यवाही

(१) दंतवैद्याकडून औषध घेताना ‘किती दिवस, किती गोळ्या’ हे स्पष्टपणे विचारावे व चिठ्ठीवर एकूण संख्या लिहून घ्यावी. औषधविक्रेत्याकडून तेवढ्याच गोळ्या घ्याव्यात. पत्ता कापून घेतल्यास नाव व मुदत असलेला भाग मागावा. तो न मिळाल्यास ही माहिती पुडीवर लिहून घ्यावी.

(२) दुखणे थांबताच गोळ्या टाकण्याची घाई करू नये. दात काढल्यानंतर दोन ते चार दिवसांनी खाच कोरडी पडून वेदना पुन्हा उसळण्याची शक्यता असते. अशा वेळी दंतवैद्यास भेटावे. साधारणतः आठवड्याभरात जखम भरून आल्यावर उरलेल्या गोळ्यांचा निर्णय घ्यावा.

(३) वेदनाशामके व प्रतिजैविके यांत भेद करावा. वेदनाशामक गरज संपताच थांबविता येते. प्रतिजैविक मात्र दंतवैद्याच्या सल्ल्याविना मध्येच सोडू नये.

(४) उरलेल्या गोळ्या मूळ स्ट्रिपसह वेगळ्या, बंद पिशवीत ठेवाव्यात, त्यावर ‘औषधे’ असे लिहावे आणि नगरपरिषदेच्या घंटागाडीवर ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता स्वतंत्रपणे द्याव्यात.

(५) जेथे अशी व्यवस्था पोहोचलेली नाही तेथे यादीबाहेरील गोळ्यांसाठी पुढील पर्याय त्यातल्या त्यात सुरक्षित होय. गोळ्या स्ट्रिपमधून काढाव्यात, परंतु कुटू नयेत. चहाचा ओला चोथा, माती किंवा राख यांत त्या मिसळून जाड पिशवीत वा झाकणाच्या डब्यात घट्ट बंद कराव्यात आणि मगच कचऱ्यात द्याव्यात. मुलांना, जनावरांना किंवा कचरा वेचणाऱ्यांना त्या ओळखू येऊ नयेत व वापराव्याशा वाटू नयेत, हा यामागील उद्देश आहे.

(६) भरलेल्या स्ट्रिप कबाड्याला देऊ नयेत. रिकाम्या बाटलीवरील नावाची चिठ्ठी खरवडून टाकावी. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी फाडून नष्ट करावी.

(७) उरलेली औषधे दान करण्यापूर्वी विचार करावा. रुग्णाने परत केलेली औषधे दानात देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानविषयक मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. ती कोणत्या तापमानात ठेवली होती याची खात्री देता येत नाही, हे त्याचे कारण होय. एका घरात नको झालेले औषध दुसऱ्या गरीब घरात सुरक्षित ठरत नाही.

६. अन्यत्र झालेले प्रयत्न

स्वीडनमध्ये १९७१ पासून औषधांची दुकाने ग्राहकांकडून न वापरलेली औषधे परत घेतात. अमेरिकेत २०१० पासून औषधे परत करण्याचा राष्ट्रीय दिवस पाळला जातो. भारतात केरळ राज्याने या बाबतीत पुढाकार घेतला आहे. तेथील औषध नियंत्रण विभागाने २०२५ साली कोझिकोड येथून न वापरलेली औषधे संकलित करण्याचा उपक्रम सुरू केला. निळ्या पेट्यांत जमा झालेली औषधे अधिकृत प्रकल्पात नेऊन जाळण्यात येतात. या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. नागरिकाला केवळ ‘टाकू नका’ असे न सांगता ‘येथे आणून द्या’ असे सांगितले गेले. निषेधाला पर्यायाची जोड मिळाली की वर्तन बदलते.

७. महाविद्यालयांची भूमिका

तालुक्याच्या गावी नगरपरिषद, शासकीय रुग्णालय, औषधविक्रेते व दंतवैद्य हे चारही घटक उपलब्ध असतात. त्यांना एकत्र आणणारा दुवा मात्र नसतो. हे कार्य महाविद्यालय करू शकते. महाविद्यालयातील विद्यार्थी आसपासच्या शेकडो घरांतून येतात आणि घरातील औषधाच्या डब्यापर्यंत त्यांना सहज पोहोचता येते. या दृष्टीने पुढील उपक्रम सुचविता येतात.

पहिला, गणना. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी आपापल्या घरातील डबा वडीलधाऱ्यांच्या समक्ष उघडून त्यातील औषधांची केवळ नोंद करावी : प्रकार, संख्या, मुदत आणि कोणत्या आजारासाठी आणले होते. नावे नोंदवू नयेत. ही नोंद संख्याशास्त्राच्या वर्गात मांडल्यास विद्यार्थ्यांना स्थानिक सामग्रीवर काम करण्याची संधी मिळेल आणि नगरपरिषदेपुढे ठेवण्यास आधारही मिळेल.

दुसरा, अध्यापन. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना औषधांचे विघटन, प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना गिधाडांचा ऱ्हास, वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांना स्ट्रिपच्या आकारमानाचे अर्थकारण आणि मराठीच्या प्राध्यापकांना सुबोध माहितीपत्रकाचे लेखन असे विषय घेता येतील. पर्यावरण अभ्यासाच्या अनिवार्य विषयातील प्रकल्पकार्यासाठी हा विषय सर्वथा योग्य आहे.

तिसरा, संकलन. वर्षातून दोनदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी व दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी, नगरपरिषदेच्या सहकार्याने संकलन दिवस ठेवता येईल. परंतु यात काही मर्यादा पाळणे अपरिहार्य आहे. महाविद्यालयाने औषधांचा साठा करू नये. पेटी कुलूपबंद असावी, नोंदणीकृत औषधनिर्माता उपस्थित असावा आणि जमा झालेली औषधे त्याच दिवशी वजन करून नगरपरिषदेमार्फत प्रक्रिया केंद्राकडे रवाना व्हावीत. ट्रॅमाडॉलसारखी अंमली औषधी द्रव्यांच्या कायद्याखालील औषधे विद्यार्थ्यांनी मुळीच हाताळू नयेत. त्यांबाबत औषध निरीक्षकांचे मार्गदर्शन आधीच घ्यावे. चांगल्या हेतूने केलेले काम कायद्याच्या अडचणीत सापडू नये, ही जबाबदारी प्राध्यापकांची आहे.

चौथा, दंतवैद्यांशी संवाद. स्थानिक दंतवैद्यांनी चिठ्ठीच्या खाली ‘उरलेल्या गोळ्या ठेवू नयेत, इतरांना देऊ नयेत’ अशी एक ओळ छापली, तरी तिचा परिणाम मोठा होईल. रुग्ण अन्य कोणाहीपेक्षा त्या कागदावर अधिक विश्वास ठेवतो.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. दंतोपचारानंतर गोळ्या उरतात त्या प्रामुख्याने औषध स्ट्रिपच्या मापाने दिले जाते म्हणून. म्हणजेच या प्रश्नाचा उगम घरात नसून चिठ्ठीत व दुकानात आहे. उरलेल्या गोळीचा सर्वांत जवळचा धोका पाण्याला वा पक्ष्यांना नसून ती दुसऱ्या आजारात घेणाऱ्या घरातल्याच माणसाला आहे, आणि सावनेर परिसरात डेंग्यूच्या काळात तो विशेष वाढतो. सर्व औषधांसाठी विल्हेवाटीची एकच पद्धत नाही. ट्रॅमाडॉल व आयब्युप्रोफेन यांना वेगवेगळे नियम लागू होतात आणि हा भेद लोकांपर्यंत पोहोचविणे आवश्यक आहे. कायद्यात घरगुती औषधांची स्वतंत्र दखल घेतलेली आहे. तिचे रूपांतर घंटागाडीवरील वेगळ्या पेटीत होणे हे स्थानिक पातळीवरील काम आहे.

हे काम खर्चिक नाही, त्यासाठी सातत्य मात्र हवे. दरवर्षी नवे विद्यार्थी घेणाऱ्या आणि वर्षानुवर्षे त्याच गावात उभ्या असणाऱ्या महाविद्यालयाकडे ते सातत्य असते. दाढेचे दुखणे तीन दिवसांत संपते. डब्यातील गोळीची जबाबदारी त्यानंतरही उरते, आणि ती कोणीतरी स्वीकारणे गरजेचे आहे.